अमेरिकेतील रेसिडेन्सीच्या अर्जात संशोधनाचा अनुभव कसा मांडावा: मुंबईतील एमबीबीएस विद्यार्थ्यांसाठी

मुंबईत एमबीबीएस करणाऱ्या मुलामुलींवर स्वतःच्या कामाविषयी चार ओळी लिहिण्याची वेळ डॉक्टर होईपर्यंत जवळजवळ येतच नाही. प्रवेश नीटच्या गुणांवर मिळतो, विद्यापीठाच्या परीक्षेत पुस्तकातली उत्तरे लिहायची असतात आणि भारतातला पदव्युत्तर प्रवेशही नीट-पीजीच्या क्रमांकावरच ठरतो. त्यामुळे इंटर्नशिप संपवून अमेरिकेतील रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथल्या रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, अर्ज भरायला बसल्यावर ‘तुम्ही केलेल्या संशोधनाचे वर्णन करा’ हा रकाना समोर येतो, तेव्हा हुशार विद्यार्थीही अडखळतात. काम केलेले असते, पण ते शब्दांत उतरत नाही.

मी मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते आणि दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये असे कच्चे अर्ज वाचते. त्यांत सर्वांत जास्त आढळणारा दोष मला अतिशयोक्तीचा वाटत नाही, अस्पष्टतेचा वाटतो. वाचून संपले तरी या विद्यार्थ्याने स्वतः नेमके काय केले, हे कळत नाही. या लेखातील सगळ्या सूचना म्हणूनच एकाच गोष्टीकडे जातात: अर्जात संशोधन मांडायचे म्हणजे त्या संशोधनातला आपला वाटा, जेवढा आहे तेवढा, नेमकेपणाने सांगायचा.

यूएसएमएलई या अमेरिकेतील वैद्यकीय परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा निकाल २६ जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा दिला जातो. पूर्वी त्या गुणांवर उमेदवारांची पहिली चाळणी लागत असे. ते साधन गेल्यानंतर दुसऱ्या टप्प्याचे गुण, शिफारसपत्रे आणि अनुभवाच्या नोंदी यांवर अधिक भार आला. संशोधनाची नोंद काळजीपूर्वक लिहिण्याचे महत्त्व त्यामुळे वाढले आहे, आणि परदेशी महाविद्यालयातून येणाऱ्या उमेदवारासाठी तर विशेषच, कारण अर्ज वाचणाऱ्याला आपले महाविद्यालय बहुधा परिचयाचे नसते.

लिहिण्यापूर्वी: कागद गोळा करणे

पहिले काम लिहिण्याचे नाही, शोधण्याचे आहे. दुसऱ्या वर्षात केलेला प्रकल्प इंटर्नशिपच्या शेवटी आठवून लिहिला, तर तारखा चुकतात, आकडे गोल होतात आणि हातून झालेली लहानसहान पण महत्त्वाची कामे विसरली जातात. म्हणून प्रत्येक प्रकल्पासाठी एक वेगळी फाइल करावी आणि त्यात एथिक्स कमिटीचे (संशोधन नैतिकदृष्ट्या योग्य आहे का हे तपासणाऱ्या समितीचे) मंजुरीपत्र, त्यावरील क्रमांक व तारीख, मंजूर झालेला मूळ आराखडा, माहिती नोंदवण्याचा नमुना, परिषदेचे प्रमाणपत्र, पोस्टरची अंतिम प्रत आणि नियतकालिकाशी झालेला पत्रव्यवहार ठेवावा. प्रकल्प म्हणजे औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल, तर तिचा क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियातील नोंदणी क्रमांकही घ्यावा. ही नोंदणी जून २००९ पासून अनिवार्य आहे आणि ती कुणालाही ऑनलाइन पाहता येते.

ज्यांनी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अल्पकालीन विद्यार्थी योजनेत, म्हणजे आपण ज्याला नुसते ‘एसटीएस’ म्हणतो त्यात, काम केले आहे त्यांचे हे काम सोपे असते. १९७९ पासून चालू असलेल्या या योजनेत एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांचा प्रकल्प करावा लागतो आणि शेवटी अहवाल द्यावा लागतो, त्यामुळे आराखडा आणि अहवाल दोन्ही हाताशी असतात. इतरांनी जुने ईमेल, विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातील निरोप आणि गूगल शीटमधील बदलांचा इतिहास पाहावा. कोणत्या दिवशी कोणत्या नोंदी तुम्ही भरल्या, हे त्या इतिहासात दिसते. महिना आणि वर्ष ठरवायला याहून भरवशाचा पुरावा नाही.

अनेकांचे संशोधन रेकॉर्ड रूममध्ये झालेले असते. ओपीडी आटोपून दुपारी खाली जायचे, रेकॉर्ड सांभाळणाऱ्या मामांना आयपीडी क्रमांकांची यादी द्यायची, त्यांनी कपाटावरून उतरवलेले धुळीचे गठ्ठे सोडायचे आणि एकेका केस पेपरातून दाखल झाल्याची तारीख, क्रिएटिनिन, डिस्चार्जच्या वेळची स्थिती उतरवून घ्यायची. अर्ज लिहिताना विद्यार्थी या कामाला ‘डेटा एंट्री’ म्हणून निकालात काढतात. वास्तविक किती केस पेपर पाहिले, त्यांपैकी किती अपुरे निघाले, अपुऱ्या नोंदींचे काय करायचे हे कुणी ठरवले आणि एकाच रुग्णाच्या दोन क्रमांकांचा घोळ कसा सोडवला, यात संशोधनाचा बराचसा विचार असतो. फाइल करताना ही उत्तरेही कागदावर उतरवून ठेवावीत.

आपला वाटा ठरवणे

आपल्याकडे वॉर्डात, ओपीडीत आणि विभागात ‘आम्ही’ म्हणण्याची पद्धत आहे. ‘आम्ही स्टडी केला’, ‘आम्ही पेपर पाठवला’. सरांनी किंवा मॅडमनी सुचवलेल्या विषयात ‘मी’ म्हणणे उद्धटपणाचे वाटते, आणि ही भावना चांगली आहे. परंतु अर्जाचा रकाना एका व्यक्तीविषयी आहे. तिथे ‘आम्ही’ लिहिले, तर वाचणाऱ्यासमोर दोनच पर्याय उरतात: सगळे काम तुमचे मानायचे, किंवा काहीच तुमचे नाही असे मानायचे. पहिला पर्याय तो बहुधा स्वीकारत नाही.

यासाठी एक साधी पद्धत मी सुचवते. प्रत्येक प्रकल्पासाठी कागदावर दोन रकाने आखावेत. एका बाजूला कामांची यादी: प्रश्न कुणाचा होता, आधीचे लेख कुणी शोधले, आराखडा कुणी लिहिला, एथिक्स कमिटीपुढे कोण उभे राहिले, रुग्णांची संमती कुणी घेतली, माहिती कुणी गोळा केली, विश्लेषण कुणी केले, पहिला मसुदा कुणाचा, दुरुस्त्या कुणाच्या. दुसऱ्या बाजूला प्रत्येक कामापुढे नाव. यादी कशी करावी हे सुचत नसेल, तर अनेक नियतकालिके लेखकांचे योगदान नोंदवण्यासाठी ‘क्रेडिट’ नावाची १४ भूमिकांची वर्गवारी वापरतात, ती समोर ठेवावी. त्या १४ पैकी दोन किंवा तीन भूमिका तुमच्या असतील, तर एमबीबीएसच्या विद्यार्थ्यासाठी ते पुरेसे आहे. चौदाही तुमच्याच निघत असतील, तर यादी पुन्हा तपासावी.

हा कागद मार्गदर्शकांना दाखवावा. संकोच वाटला तरी दाखवावा. ‘मॅडम, अर्जात मी माझे काम असे लिहिणार आहे, काही चुकत असेल तर सांगा,’ एवढेच म्हणायचे असते. त्यातून दोन लाभ होतात: अर्जात चूक राहत नाही, आणि शिफारसपत्र लिहिताना त्यांच्या मनात तुमच्या कामाचे चित्र स्पष्ट असते.

कोणती नोंद कुठे

बहुतेक शाखांच्या रेसिडेन्सीचा अर्ज ‘इरास’ या प्रणालीतून जातो. सध्याच्या रचनेत जास्तीत जास्त १० अनुभव नोंदवता येतात, प्रत्येकाच्या वर्णनासाठी ७५० अक्षरे मिळतात, आणि त्यांपैकी सर्वांत अर्थपूर्ण अशा ३ अनुभवांसाठी आणखी ३०० अक्षरांत त्यांचे महत्त्व सांगता येते. अक्षरे म्हणजे इंग्रजी अक्षरे, विरामचिन्हे आणि मोकळ्या जागा धरून. अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची अधिकृत पुस्तिका वाचून मर्यादा पडताळून घ्यावी, कारण ही रचना अलीकडेच बदललेली आहे आणि सीनियरने दिलेला दोन-तीन वर्षांपूर्वीचा नमुना उपयोगी पडेलच असे नाही.

अनुभव आणि प्रकाशने हे दोन वेगळे विभाग आहेत. संशोधनात तुम्ही काय केले ते अनुभवात लिहावे. त्यातून जो लेख, पोस्टर किंवा भाषण निघाले, त्याची नोंद प्रकाशनांत करावी. एका प्रकल्पाचे पोस्टर, त्याच पोस्टरचा सारांश आणि त्याच विषयावरचा लेख यांसाठी तीन अनुभव खर्च करू नयेत. दहा जागांमध्ये रुग्णसेवा, शिकवणे, समाजकार्य आणि नोकरीही बसवायची आहे. माझे मत असे, की ज्याला संशोधनप्रधान विभागात जायचे आहे त्याने तीन किंवा चार जागा संशोधनाला द्याव्यात, इतरांनी दोन. आणि एकाच विभागात, एकाच मार्गदर्शकाखाली केलेली दोन लहान कामे एका नोंदीत एकत्र करावीत.

अर्थपूर्ण अनुभवांच्या तिन्ही जागा संशोधनाला देण्याचा मोह टाळावा. रेसिडेंट म्हणून तुम्हाला रात्री वॉर्ड सांभाळायचा आहे, आणि निवड करणारे तेही पाहत असतात.

७५० अक्षरांतील वर्णन

आता मुख्य भाग. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मुंबईत पावसाळ्यात पाणी साचले, की साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने लेप्टोस्पायरोसिसची प्रतिबंधक गोळी घ्यावी, असे आवाहन महापालिका करते. समजा, एका विद्यार्थिनीने तापाच्या ओपीडीत आलेल्या रुग्णांना ही गोळी माहीत होती का आणि त्यांनी ती घेतली होती का, याचा दोन महिन्यांचा अभ्यास केला. तिचा पहिला मसुदा साधारण असा असेल:

‘लेप्टोस्पायरोसिस प्रतिबंधाविषयीच्या संशोधन प्रकल्पात सहभागी होते. या प्रकल्पात रुग्णांची माहिती गोळा करण्यात आली व तिचे विश्लेषण करण्यात आले. या अनुभवामुळे संशोधनपद्धतीची सखोल ओळख झाली, संघभावना व नेतृत्वगुण विकसित झाले आणि पुराव्यावर आधारित वैद्यकाचे महत्त्व पटले.’

यात खोटे काही नाही, पण हा परिच्छेद कोणत्याही प्रकल्पाखाली चिकटवता येईल. ‘करण्यात आले’ या रचनेत कर्ता गायब झाला आहे. इंग्रजीत हाच दोष ‘वॉज इन्व्हॉल्व्ड इन’, ‘असिस्टेड विथ’, ‘हेल्प्ड इन’ अशा शब्दांतून येतो. शेवटच्या वाक्यातले गुण तर विद्यार्थिनीने स्वतःच स्वतःला बहाल केले आहेत. आता दुसरा मसुदा:

‘साचलेल्या पाण्यातून चाललेल्या तापाच्या रुग्णांनी प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन घेतली होती का, आणि नसल्यास का नाही, हा प्रश्न. विषय मार्गदर्शकांनी सुचवला. आराखडा मी लिहिला व त्यांनी दुरुस्त केला. मराठी आणि हिंदी प्रश्नावली मी तयार केली, २० रुग्णांवर तपासली व ३ प्रश्न बदलले. १८० पैकी १४२ मुलाखती मी घेतल्या, उरलेल्या सहाध्यायीने. विश्लेषण विभागातील सांख्यिकीतज्ज्ञांनी केले. तक्ते मी बनवले. महाविद्यालयाच्या परिषदेत पोस्टर मांडले.’

हा मसुदा कोरडा वाटेल, पण त्यातून माणूस दिसतो. विषय आपला नव्हता आणि विश्लेषण आपण केले नाही, हे तिने मोकळेपणाने सांगितले आहे. त्यामुळे १४२ मुलाखतींच्या दाव्यावर विश्वास बसतो. दुसऱ्याचा वाटा मान्य केल्याने आपला वाटा लहान होत नाही, उलट त्याला कडा येतात.

या नोंदीतला सर्वांत मोलाचा तुकडा ‘३ प्रश्न बदलले’ हा आहे. समजा, मूळ प्रश्न असा होता: ‘तुम्ही पावसाच्या पाण्यातून चाललात का?’ मुंबईत जुलै महिन्यात या प्रश्नाला प्रत्येक जण ‘हो’ म्हणणार. पहिल्या वीस रुग्णांनंतर विद्यार्थिनीच्या ते लक्षात आले आणि तिने प्रश्न बदलून ‘पाणी कुठपर्यंत होते, घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत की कमरेपर्यंत?’ आणि ‘त्या वेळी पायाला जखम किंवा चिखल्या होत्या का?’ असे विचारले. अर्थपूर्ण अनुभवाच्या ३०० अक्षरांत लिहायचे असेल, तर हेच लिहावे. ‘संशोधनाने मला चिकित्सक विचार शिकवला’ असे सांगण्याऐवजी तो विचार एका प्रश्नाच्या दुरुस्तीत दाखवता येतो, आणि वाचणाऱ्याला निष्कर्ष स्वतः काढू देता येतो.

लिहिताना क्रम ठेवावा तो साधाच: प्रश्न कोणता, माझे काम कोणते, किती प्रमाणात, काय निघाले. पार्श्वभूमीला एका वाक्याहून अधिक जागा देऊ नये. आजाराची माहिती वाचणाऱ्याला आहे. आकडे द्यावेत, पण खरे. ‘सुमारे ५०० रुग्ण’ लिहून प्रत्यक्षात ३१० असतील, तर तो तपशील मुलाखतीत बोचतो. आपल्याकडची संक्षिप्त रूपे उलगडून लिहावीत. ‘पीएसएम’, ‘एसटीएस’, ‘एमयूएचएस’, ‘यूएचसी’ ही अक्षरे आपल्याला पाठ आहेत. अमेरिकेतल्या वाचकाला ती कळणार नाहीत. धारावीच्या नागरी आरोग्य केंद्रात, म्हणजे आपल्या ‘छोटा सायन’मध्ये, काम केले असेल, तर ते केंद्र महाविद्यालयाशी जोडलेले आहे आणि तिथे कोणते रुग्ण येतात, हे चार शब्दांत सांगावे. ‘छोटा सायन’ म्हटल्यावर जे आपल्याला आपोआप दिसते, ते त्याला दिसत नाही.

पद लिहिताना जपावे. ‘प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर’ हा शब्द काही विद्यार्थी एसटीएसच्या प्रकल्पापुढे सहज लिहून जातात. मंजुरीपत्रावर मार्गदर्शकांचे नाव प्रमुख संशोधक म्हणून असेल, तर आपण ‘विद्यार्थी संशोधक’ एवढेच आहोत. ते पुरेसे सन्मानाचे आहे.

प्रकाशने, आणि त्यांतील लेखकक्रम

१९५२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये मुंबईतून निघालेला एक छोटा लेख आला, आणि त्यातील शोधामुळे ‘बॉम्बे रक्तगट’ हे नाव जगाला मिळाले. त्याचे पहिले लेखक डॉ. य. मो. भेंडे. त्यांच्यासोबत मुंबईचे देशपांडे आणि भाटिया, आणि पुढे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स अशी एकूण सात नावे आहेत. मी विद्यार्थ्यांना हा लेख दाखवते, कारण तो फार थोड्या जागेत बसतो आणि तरी त्यात कुणाचे काम झाकले गेलेले नाही: रुग्ण ज्यांना मुंबईत सापडले ते आहेत, आणि नमुन्यांची पुढची तपासणी ज्यांनी केली तेही आहेत. अर्जात प्रकाशनाची नोंद करताना हेच करायचे. सगळी नावे, छापली आहेत त्याच क्रमाने, आपले नाव जिथे आहे तिथेच. सातव्या क्रमांकावर असलो, तरी ‘आणि इतर’ लिहून वरची नावे गाळायची नाहीत.

लेखक म्हणून नाव कुणाचे असावे, याचे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने चार निकष दिले आहेत: कल्पनेत, माहितीत किंवा विश्लेषणात ठोस योगदान, मसुदा लिहिणे किंवा त्याची मर्मग्राही दुरुस्ती, अंतिम प्रतीला मान्यता, आणि कामाच्या सचोटीची जबाबदारी. चारही पूर्ण व्हायला हवेत. एखाद्या लेखात आपले नाव सौजन्याने घातलेले असेल आणि तो लेख आपण पूर्ण वाचलाही नसेल, तर तो अर्जात देऊ नये. इंटर्नच्या गटांत लेखकयादीतली जागा पैसे घेऊन देणारे संदेश फिरतात. त्यांच्या वाट्याला कधीही जाऊ नये. असा लेख पुढची वीस वर्षे तुमच्या नावाला चिकटून राहतो आणि तो काढून टाकण्याची सोय नसते. आठवड्याभरात छापून देण्याची हमी देणाऱ्या नियतकालिकांबाबतही तेच. ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’सारखे, केईएम आणि जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरातून १९५५ पासून निघणारे नियतकालिक आपल्याच शहरात आहे. अशा ठिकाणी लेख परत आला, तरी तज्ज्ञांच्या टिपा हाती पडतात.

लेखाची स्थिती सांगताना शब्द काटेकोर हवेत. ‘सादर केला’ म्हणजे नियतकालिकाच्या प्रणालीतून हस्तलिखित क्रमांक आलेला आहे. ‘स्वीकृत’ म्हणजे संपादकाचे पत्र हातात आहे. ‘दुरुस्तीसाठी परत आला’ हे ‘स्वीकृत’ नव्हे. अजून लिहीत असलेला लेख प्रकाशनांत येत नाही. त्याचा उल्लेख फार तर अनुभवाच्या वर्णनात एका अर्ध्या वाक्यात करता येईल. प्रकाशित लेखासाठी पबमेड क्रमांक द्यावा, म्हणजे पडताळणी एका क्लिकवर होते.

या जागी विद्यार्थी नेहमी विचारतात, ‘मॅडम, किती पेपर लागतात?’ उमेदवारांची रेसिडेन्सीच्या जागांशी जोडणी करणाऱ्या अमेरिकेतील नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्रॅमच्या अहवालांत सारांश, सादरीकरणे आणि प्रकाशने यांची एकत्र बेरीज दिलेली असते. त्या बेरजेकडे पाहून मुले घाबरतात आणि त्याच पाच रुग्णांचे पाच केस रिपोर्ट करत बसतात. तो आकडा म्हणजे पूर्ण लेखांची संख्या नव्हे, हे ध्यानात घेतले तर निम्मी घबराट कमी होईल.

केस रिपोर्ट असेल, तर आणखी एक काळजी. दुर्मीळ आजार, रुग्णालयाचे नाव, दाखल झाल्याचा महिना आणि रुग्णाचे वय किंवा व्यवसाय हे चारही एकत्र लिहिले, की रुग्ण ओळखू येऊ शकतो. लेखासाठी घेतलेली संमती अर्जातल्या आपल्या मोकळ्या वर्णनासाठी घेतलेली नसते. आजाराचे नाव आणि आपले काम, एवढेच लिहावे.

अपुरे राहिलेले काम

कोविडच्या काळात ओपीडी बंद पडल्याने थांबलेले प्रकल्प, मार्गदर्शकांची बदली झाल्याने अडकलेले प्रकल्प, अपेक्षित संख्येच्या निम्मेही रुग्ण न मिळालेले प्रकल्प असे पुष्कळ असतात. विद्यार्थी ते लपवतात. मला वाटते, त्यांतला एखादा अवश्य लिहावा, अट एकच: तुम्ही त्यावर किमान काही महिने खरे काम केलेले असावे आणि काम का थांबले हे शांतपणे, कुणालाही दोष न देता सांगता यावे. ‘२०० रुग्णांचे उद्दिष्ट होते, ७४ मिळाले, निवडीचे निकष फार कडक ठेवले होते, हे उशिरा लक्षात आले’ हे वाक्य एखाद्या सफल प्रकल्पाच्या वर्णनापेक्षा जास्त सांगून जाते. नकारात्मक निष्कर्षही निष्कर्षच असतो. तो ‘उत्साहवर्धक कल दिसला’ अशा शब्दांनी झाकू नये.

शिफारसपत्र

‘तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करते,’ असे आपल्याकडे प्रेमाने म्हटले जाते. तसे करू नये. अमेरिकेतील निवड समितीला विद्यार्थ्याने स्वतःविषयी लिहिलेले पत्र शब्दकळेवरूनच ओळखता येते, कारण अर्जातली आणि पत्रातली भाषा एकसारखी निघते. शिवाय पत्र पाहण्याचा हक्क आपण सोडला आहे की नाही, हे नोंदवायचे असते, आणि पत्र लिहिणाऱ्यानेच ते थेट प्रणालीत चढवायचे असते. स्वतः लिहून मग हक्क सोडल्याचे नोंदवणे हे असत्य होईल.

त्याऐवजी मार्गदर्शकांना एक पान द्यावे. त्यात प्रकल्पाचे नाव, तारखा, दोन रकान्यांचा तो कागद आणि त्यांना आठवण करून देणारे दोन-तीन प्रसंग असावेत: प्रश्नावली कधी बदलली, कोणती चूक तुम्ही स्वतः शोधून सांगितली. वाक्ये त्यांची, वस्तुस्थिती तुम्ही पुरवलेली. पत्र किमान दोन महिने आधी मागावे. सप्टेंबरमध्ये अर्ज जायचा असेल, तर जूनच्या अखेरीस भेटावे. गणपतीच्या आधी घाईने सही घ्यायला गेलेल्या विद्यार्थ्याला चार ओळींचेच पत्र मिळते. शासकीय महाविद्यालयांतील शिक्षकांच्या बदल्या होतात, म्हणून इंटर्नशिप संपण्यापूर्वीच त्यांचा चालू ईमेल आणि नव्या ठिकाणाचा पत्ता विचारून ठेवावा.

व्यक्तिगत निवेदन

इथे थोडक्यात सांगते. निवेदनात संशोधन आलेच पाहिजे, असा नियम नाही. ज्या शाखेत जायचे आहे ती का निवडली, याच्या उत्तरात ते संशोधन खरोखर असेल, तरच ते यावे, आणि तेव्हाही अनुभवाच्या रकान्यातले वर्णन पुन्हा लिहू नये. रेकॉर्ड रूममधल्या एका केस पेपराने तुम्हाला अस्वस्थ केले असेल, तर तो केस पेपर निवेदनात असू द्यावा, आकडे तिकडेच राहू द्यावेत.

जे अमेरिकेतच पदवी घेत आहेत त्यांच्यासाठी

काही मुंबईकर कुटुंबांतील मुले बारावीनंतर अमेरिकेत पदवीला गेलेली असतात आणि तिथल्या मेडिकल स्कूलसाठी अर्ज करतात. त्यांची प्रणाली ‘एमकास’. तिथे १५ अनुभव, प्रत्येकी ७०० अक्षरे, आणि ३ सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांसाठी आणखी १३२५ अक्षरे मिळतात. तासांची संख्या द्यावी लागते आणि पडताळणीसाठी संपर्कव्यक्तीही. एमडी-पीएचडीसाठी अर्ज करणाऱ्यांना संशोधनावर १०,००० अक्षरांपर्यंतचा स्वतंत्र निबंध लिहावा लागतो. तिथे मात्र प्रश्न, पद्धत, निष्कर्ष आणि त्यांतून उभा राहिलेला पुढचा प्रश्न यांना पूर्ण जागा द्यावी. सुट्टीत परळला किंवा खारघरला एखाद्या प्रयोगशाळेत सहा आठवडे काम केले असेल, तर तास मोजताना लोकलचा प्रवास धरू नये. हे विचित्र वाटेल, पण ‘सकाळी आठ ते रात्री आठ’ असे तास धरलेले मी पाहिले आहेत. बाकी वर सांगितलेले सगळे त्यांनाही तसेच लागू आहे.

मुलाखत

अर्जातल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो. म्हणून अर्ज पाठवण्यापूर्वी प्रत्येक नोंद घरी मोठ्याने समजावून सांगावी, आधी मराठीत. आई-वडिलांना, आजीला, शेजारच्या काकूंना दोन मिनिटांत सांगता आले पाहिजे, की तुम्ही काय शोधत होता आणि काय सापडले. आजीने ‘मग ती गोळी लोक घेत का नाहीत?’ असे विचारले आणि उत्तर देता आले नाही, तर परीक्षकांपुढेही देता येणार नाही. त्यानंतर तेच इंग्रजीत बोलावे. पाठ करून म्हणू नये.

तीन प्रश्नांची तयारी तर करायलाच हवी: पुन्हा करायचे झाले तर काय वेगळे कराल, या अभ्यासाची सर्वांत मोठी मर्यादा कोणती, आणि विश्लेषणात ही चाचणी का वापरली. तिसऱ्या प्रश्नावर ‘ते सांख्यिकीतज्ज्ञांनी केले’ हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. मुलाखतीपूर्वी त्या तज्ज्ञांकडे जाऊन अर्धा तास बसावे आणि काय केले ते समजून घ्यावे. बहुतेक मुलाखती आता ऑनलाइन होतात आणि वेळेच्या फरकामुळे मुंबईत त्या संध्याकाळी किंवा रात्री उशिरा येतात. आपल्या लेखाची किंवा पोस्टरची छापील प्रत टेबलावर ठेवावी. पडद्यावर फाइल शोधत बसण्यात लक्ष विचलित होते.

एकदा प्रमाणित करून पाठवलेल्या अर्जातले अनुभव आणि प्रकाशने त्या हंगामात बदलता येत नाहीत. ऑक्टोबरमध्ये लेख स्वीकारला गेला, तरी अर्जात तो ‘सादर केलेला’च राहील. अशा वेळी ज्या विभागाने मुलाखतीस बोलावले आहे, त्याच्या समन्वयकांना दोन वाक्यांचा ईमेल पाठवावा आणि स्वीकृतीचे पत्र सोबत जोडावे. लेख नाकारला गेला असेल, तर तसा ईमेल पाठवण्याची गरज नाही. परंतु मुलाखतीत ‘त्या लेखाचे पुढे काय झाले?’ असे विचारले, तर तो परत आला, तज्ज्ञांनी कोणते आक्षेप घेतले आणि आता तो कोणत्या दुरुस्तीसह कुठे पाठवणार आहोत, हे सरळ सांगावे.